मेपलची मुळं उघडी करण्याआधी

टोकियोत उएनोच्या कलासंग्रहालयात दर फेब्रुवारीत ‘कोकुफु-तेन’ हे बोन्सायचं प्रदर्शन भरतं. पहिलं भरलं ते 1934 साली. तिथले मेपल पहिल्यांदा पाहणाऱ्याला जरा चुकल्यासारखं वाटतं, कारण झाडावर पानच नसतं. मेपल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लालभडक पानं येतात. इथे मात्र नुसता सांगाडा असतो. करड्या सालीचं खोड, टोकाकडे केसासारख्या बारीक होत गेलेल्या फांद्या आणि बुंध्यापासून चहूबाजूंनी पसरत मातीत शिरणारी मुळं. पानझडी झाड असं निष्पर्ण मांडलं की त्याला जपानीत ‘कानजु’ म्हणतात, म्हणजे थंडीतलं झाड. पानं असली की खोडाचे दोष झाकले जातात. फेब्रुवारीत झाकायला काहीच नसतं, म्हणून जाणकाराची नजर आधी बुंध्याशी जाते. तिथल्या त्या मुळांच्या पसाऱ्याला ‘नेबारी’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘हारी’ म्हणजे ताणून पसरणं.

मी टोकियोशेजारच्या साइतामात राहते. ओमियाचं बोन्साय गाव घरापासून लोकलने थोड्याच अंतरावर आहे. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले काही बोन्सायकार मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत इथे आले आणि 1925 साली हे गाव वसलं. इथे राहायचं तर घरी निदान दहा बोन्साय हवीत, फाटक पाहुण्यांसाठी उघडं हवं आणि भिंतीऐवजी झाडांचं कुंपण हवं, असे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते. पुण्या-मुंबईहून कुणी आलं की मी त्यांना तिथे घेऊन जाते. मेपलपाशी उभं राहिलं की तेच तेच प्रश्न येतात. एके काळी माझ्याही डोक्यात तेच होते, आणि त्यापायी माझ्या हातून झाडांचं नुकसानही झालं आहे. म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

“वरची माती काढली की नेबारी दिसते”

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. माझं पहिलं झाड तोकाएदे होतं. हा तीन टोकांच्या पानाचा मेपल मूळचा चीनचा, जपानात आला एदो काळात. रोपवाटिकेतून आणल्यावर आठवडाभरात मी चॉपस्टिक घेऊन बुंध्याभोवतीची माती उकरायला बसले. दोन सेंटिमीटर गेल्यावर दिसलं ते असं: खोड केरसुणीच्या दांड्यासारखं सरळ खाली चाललेलं, डाव्या बाजूला बोटाएवढं एक जाड मूळ, उजवीकडे काहीच नाही आणि मध्ये पाच-सात तंतुमुळं. मला वाटलं, उघडी ठेवली तर ही तंतुमुळं हळूहळू जाड होतील. जुलैचं ऊन लागलं आणि ती आठ दिवसांत वाळून गेली.

झाडाची बारीक मुळं ओलाव्यावर जगतात. त्यांच्यावर अजून साल धरलेली नसते. ती उघड्यावर आली की ओलावा टिकत नाही, आणि टोक मेलं की मागचं मूळही जाड होत नाही. जुनी, साल धरलेली मुळं हवेत टिकतात, पण त्यांचंही जाड होणं मातीआड असताना जास्त जोमाने होतं. म्हणून नेबारी घडत असेपर्यंत ती झाकलेली ठेवतात. वर बारीक चाळलेल्या स्फॅग्नम मॉसचा पातळ थर देतात. त्याच्या ओलाव्यात पृष्ठभागालगत नवी मुळं फुटतात. ओमियात आपण जे उघडं बघतो, ते वर्षानुवर्षं झाकून वाढवलेलं असतं.

दुसरं म्हणजे जे मुळात नाही, ते माती काढून दिसणार कसं? बीपासून आलेल्या मेपलचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि आडवी मुळं त्याला वेगवेगळ्या उंचीवर फुटतात. नेबारीला ती सगळी साधारण एकाच पातळीवर, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी हवीत. निसर्गात तसं क्वचितच जुळून येतं. ते करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कात्री लागते.

“मुळं कापली की झाड मरतं”

हे पूर्ण खोटं नाही. वेळ चुकली तर झाड खरंच मरतं. पण वेळ साधली तर मुळं कापण्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही.

टोकियोच्या आसपास ही वेळ येते फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, साकुरा म्हणजे चेरी फुलायच्या आधी. मेपलचे डोळे फुगलेले असतात, त्यांच्यावर लाली आलेली असते, पण पालवी उघडलेली नसते. गेल्या हंगामात पानांनी बनवलेलं अन्न पिष्टाच्या रूपात खोडात आणि मुळांत साठलेलं असतं. पानं नसल्यामुळे झाडातून फारसं पाणी उडून जात नाही. अशा वेळी अर्धी मुळं गेली तरी झाड साठ्यावर तग धरतं आणि पालवीबरोबर नवी मुळं काढतं. हेच काम जुलैत केलं तर भरल्या पानांना पाणी पुरवणारं कुणी उरत नाही, आणि पानांच्या कडा करपत येतात.

प्रत्यक्ष काम असं चालतं. झाड कुंडीतून काढायचं, आकड्याने मुळं बाहेरच्या दिशेला विंचरायची, माती झाडायची आणि पाण्याच्या फवाऱ्याने बुंधा स्वच्छ करायचा. मग झाड आडवं धरून खालून बघायचं. सोटमूळ आणि खाली जाणारी सगळी मुळं सपाट कापून टाकायची, म्हणजे झाड टेबलावर ठेवलं तर आधाराशिवाय उभं राहिलं पाहिजे. मग उरलेल्या आडव्या मुळांकडे वळायचं. इथे बहुतेकांचा हात उलटा चालतो. जाड मूळ लांब ठेवावंसं वाटतं, कारण तेच ‘चांगलं’ दिसतं, आणि बारीक मुळं छाटली जातात. करायचं असतं नेमकं विरुद्ध. जाड मूळ आखूड कापायचं, म्हणजे त्याचा जोर कमी होतो आणि कापल्या जागी त्याला दोन-चार फाटे फुटतात. बारीक मूळ लांब ठेवायचं, म्हणजे त्याला वाढायला वाव मिळतो. फांद्यांच्या छाटणीचाच हा नियम आहे. दरवेळी फाटे फुटत गेले की मूळ बुंध्याशी जाड आणि टोकाशी निमुळतं होतं. न कापलेलं मूळ सुतळीसारखं एकाच जाडीचं लांबत जातं आणि कुंडीच्या कडेने गोल फिरू लागतं.

लहान झाडाचं हे काम दर वर्षी किंवा वर्षाआड करायचं. एका मुळावरून दुसरं गेलेलं दिसलं की त्यातलं एक काढायचं. ही कापाकापी मी पहिल्यांदा केली तेव्हा हात थरथरत होते. एप्रिलमध्ये झाड नेहमीसारखं पालवलं.

याच विचाराचं टोक म्हणजे एबिहारा या जपानी बोन्सायकाराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. त्यांनी ती तोकाएदेवर विकसित केली. बुंधा खालून सपाट करून झाड लाकडी फळीवर मधोमध स्क्रूने पक्कं करतात. मग एकेक मूळ हव्या त्या दिशेला वळवून दोन्ही बाजूंनी खिळे ठोकतात. मूळ खिळ्यांच्या मधून सरळ वाढतं. फळीमुळे खाली जायला वाट नसते, म्हणून सगळं बळ आडवं पसरतं. नंतर झाड उचललं की मुळांचा आराखडा तसाच राहतो. इतकं करायचं नसेल तर झाडाखाली एक फरशी ठेवून लावलं तरी बराचसा फायदा मिळतो.

“मुळं हवीत तर खोल कुंडी हवी”

खोल कुंडीत मुळं खोल जातात, आणि नेबारीला त्यांचा काही उपयोग नाही. वाढीच्या काळात दहा सेंटिमीटरच्या आसपास खोलीची, पण रुंद पेटी किंवा चाळणीसारखी जाळीदार टोपली चांगली.

मात्र उथळ भांड्यात पाण्याचा एक पेच असतो आणि तो समजून घेतलाच पाहिजे. पाणी घातल्यावर कुंडीच्या तळाशी मातीचा एक थर चिंब राहतो, तिथलं पाणी खालच्या भोकातून निघून जात नाही. या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणजे तीच माती खोल कुंडीत घातली तर तळचा थोडा भाग ओला राहील, आणि उथळ कुंडीत घातली तर निम्मी कुंडी ओलीचिंब राहील आणि मुळं कुजतील. त्यामुळे उथळ कुंडीला दाणेदार माती लागते. जपानात त्यासाठी आकादामा वापरतात. ‘आका’ म्हणजे लाल, ‘तामा’ म्हणजे गोळी. टोकियोभोवतीच्या कान्तो भागातल्या जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेली ही दाणेदार माती खणून, वाळवून, चाळून विकतात. तिची भुकटी चाळून टाकून द्यायची. तेवढ्या कष्टाचा आळस केला तर आकादामाचा निम्मा गुण वाया जातो. खाली खडी घातली की पाणी निघून जाईल ही समजूत मात्र सोडून द्यावी. चिंब थर फक्त खडीच्या वर सरकतो.

“मुळांसाठी मुळांकडेच बघायचं”

मूळ जाड होतं ते पानांनी बनवलेल्या साखरेवर. म्हणून बुंधा आणि नेबारी वाढवायची असेल त्या वर्षांत झाडाचा शेंडा मोकळा सोडतात, खालच्या एखाद-दोन फांद्याही हव्या तेवढ्या लांब जाऊ देतात. पुढे कापूनच टाकायच्या या फांद्या. त्यांना इंग्रजीतून आलेलं ‘सॅक्रिफाइस ब्रँच’ हे नाव आता सगळीकडे रूढ झालं आहे. एका हंगामात त्या मीटरभर वाढतात. झाड तेव्हा अगदी विस्कटलेलं दिसतं. ते सहन होत नाही म्हणून माणूस सारखे शेंडे खुडत राहतो आणि नेबारी का वाढत नाही म्हणून चिंता करतो. शेंडे खुडणं हे तयार झाडाचं काम आहे, बारीक फांद्यांसाठी. घडणाऱ्या झाडाला ते उपाशी ठेवणं आहे.

आणखी एक बारकावा आहे. जोमदार फांदीची साखर सालीतून मुख्यत्वे तिच्या खालच्या बाजूने उतरते. डावीकडे मुळं कमजोर असतील तर डावीकडचीच एखादी फांदी मोकळी सोडावी. दरवेळी हिशेब बरोबर जुळतोच असं नाही, पण माझ्या अनुभवात करून बघण्यासारखं आहे.

“एकदा वाईट बुंधा, कायमचा वाईट”

इथे मला सगळ्यात आनंदाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या लोकांना समजावून सांगायला सोपीही आहे, कारण डाळिंबाची बाग पाहिलेल्या माणसाला गुटी कलम माहीत असतं. जपानीत त्याला ‘तोरिकी’ म्हणतात. मेपलच्या वाईट बुंध्याच्या वर, जिथे नेबारी हवी त्या पातळीवर, खोडाची साल गोल काढून टाकायची. रुंदी खोडाच्या जाडीएवढी किंवा दीडपट. मग कापाभोवती ओलं मॉस बांधायचं. हे काम पालवी पूर्ण पक्की झाल्यावर, मे-जूनमध्ये करतात.

लाकडातून पाणी वर जातच राहतं, म्हणून पानं हिरवी राहतात. पण पानांत तयार झालेली साखर आणि शेंड्याकडून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक सालीतून खाली उतरतं, आणि साल संपली तिथे अडतं. कापाच्या वरच्या कडेवर ते साचतं. आधी तिथे पांढुरकी गाठ येते आणि मग त्या गाठीतून मुळं फुटतात. सगळ्या कडेवर, एकाच पातळीवर, चहूबाजूंनी! बीपासून वाढवलेल्या झाडात दहा वर्षं धडपडून जे जुळतं, ते इथे पहिल्याच दिवशी जुळून येतं.

यात दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे साल काढल्यावर लाकडावर राहणारा ओला, बुळबुळीत थर, म्हणजे कॅम्बियम, नीट खरवडला जात नाही. तेवढ्यातून झाड दोन-तीन आठवड्यांत सालीचा पूल बांधतं, साखर पुन्हा खाली जाऊ लागते आणि मुळं फुटतच नाहीत. दुसरी म्हणजे साल न काढता नुसती तार आवळण्याची. तारेने काही झाडांत काम होतं, पण मेपलमध्ये त्या जागी फुगवटा येतो आणि मुळं एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी फुटतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आता गोल सालच काढते.

मुळं फुटवणारी पावडर लावावी का? लावायला हरकत नाही, पण मेपल मुळात सहज मुळं धरतो. पावडरीपेक्षा कापाची कड धारदार चाकूने स्वच्छ असणं आणि भोवतीचं ओलं मॉस एकदाही न वाळणं महत्त्वाचं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसू लागतात. पांढरी असताना ती इतकी ठिसूळ असतात की मॉस सोडवायला गेलं की तुटतात. तपकिरी होईपर्यंत थांबायचं.

रंगीत जातींच्या मेपलमध्ये गुटी कलमाचा आणखी एक उपयोग होतो. वसंतात लाल पालवी येणारा देशोजो किंवा तत्सम जाती बाजारात बहुतेकदा साध्या हिरव्या मेपलच्या खुंटावर बांधलेल्या मिळतात. जोडाचा फुगवटा नेमका बुंध्याशी असतो आणि दोन्हींची साल वेगळी दिसते. “वय वाढलं की जोड दिसेनासा होतो” असं विकणारे सांगतात. बहुतेकदा तो वयाबरोबर जास्तच उठून दिसतो. जोडाच्या वर गुटी बांधून झाड स्वतःच्या मुळांवर आणणं हा खरा मार्ग. काही नाजूक जाती मात्र स्वतःच्या मुळांवर कमकुवत राहतात, त्यामुळे आधी एका फांदीवर करून बघावं.

“नेबारी जितकी मोठी तितकी चांगली”

तोकाएदेची मुळं एकमेकांना टेकली की कालांतराने एकजीव होतात. दोन सालींमध्ये दाब वाढतो, साल झिजते, आतले वाढीचे थर भेटतात आणि पुढची वलयं दोघांची मिळून पडतात. दशकांनंतर बुंध्याखाली अखंड ताटली तयार होते. अशा नेबारीची भुरळ मलाही पडते, पण ती प्रत्येक झाडाला शोभत नाही. बारीक, लवचीक खोडाच्या यामामोमिजीला, म्हणजे जपानच्या डोंगरातल्या साध्या मेपलला, ती पायात जड जोडे घातल्यासारखी दिसते. त्याला सहा-सात सुटी, नाजूक मुळं पुरतात. 2010 साली उघडलेल्या ओमियाच्या बोन्साय संग्रहालयात मी अशा झाडांपाशी जास्त वेळ थांबते.

महाराष्ट्रात?

भारतातून फोन येतो तेव्हा प्रश्न असतो, मेपलचं बी कुठून मागवू. निळ्या पानांच्या मेपलचं बी म्हणून ऑनलाइन जे विकतात ते घेऊ नका. निळ्या पानांचा मेपल जगात नाही. खऱ्या जपानी मेपलचं बी मिळालं तरी त्याला उगवायला आधी दोन-तीन महिने ओल्या वाळूत फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. रोप झालं तरी त्याला दर हिवाळ्यात सलग काही आठवडे गारठा हवा, पानं गाळून निजायला. पुण्यात जानेवारीची पहाट गार असते, पण दुपारी पारा तिशीजवळ जातो. मुंबई-कोकणात तेवढंही नाही. दोन-तीन वर्षांत झाड थकून जातं. मेपल हिमालयात आहेत, तिकडच्या थंडीत.

या लेखातलं बहुतेक काम मात्र आपल्या वड-पिंपळ-उंबरांवर जसंच्या तसं करता येतं: सपाट बुंधा, खाली फरशी, जाड मूळ आखूड, बारीक मूळ लांब, गुटी कलम. वडाची मुळंही टेकली की एकजीव होतात. वेळ फक्त बदलायची. वडाला थंडीत हात लावायचा नाही, उन्हाळा चढताना किंवा पावसाच्या तोंडावर, झाड जोमात असताना मुळं कापायची.

“झाड जुनं झालं की नेबारी आपोआप येते”

वयाबरोबर मुळं जाड होतात हे खरं, पण जशी आहेत तशीच जाड होतात. एका बाजूला मोकळी जागा असेल तर वीस वर्षांनंतर ती जास्त मोठी मोकळी जागा असते. दिशा आणि पातळी ठरते पहिल्या चार-पाच वर्षांत, मुळं काडीएवढी असताना.

उशीर झालाच असेल तर भेट कलम आहे. कोकणात आंब्यावर पूर्वी सर्रास करत असत तेच, इथे मुळासाठी. मुळं नसलेल्या बाजूला बुंध्यावर खाच पाडायची, त्यात मेपलचं वर्ष-दोन वर्षांचं रोप मुळांसकट बसवायचं, खिळ्याने घट्ट दाबायचं आणि रोपाचा शेंडा वाढू द्यायचा. जोड धरला की जोडाखालचा भाग वरच्यापेक्षा जाड होत जातो. मोठं झाड आता त्याला पोसू लागलं, याची ती खूण. मग शेंडा जोडापाशी कापायचा, आणि खाली उरतं ते नवं मूळ.

माझ्या त्या पहिल्या तोकाएदेच्या उजव्या बाजूला, जिथे केरसुणीचा दांडा दिसला होता, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी अशी दोन रोपं बसवली. पुढचं धरलं आहे, जोडाखाली पेन्सिलीएवढं झालंय. येत्या मार्चमध्ये त्याचा शेंडा कापेन. मागचं धरलं नाही. तिथे नवी खाच घेऊन पुन्हा बसवायचं आहे, आणि त्यासाठी तीन रोपं गॅलरीत वेगळी वाढवत ठेवली आहेत.